बारा बाइटांचा पाहुणा

दोन अधिक दोन किती, एवढं विचारायला एक अख्खा संगणक जन्माला घालायचा. त्याला मेमरी द्यायची चार किलोबाइट, म्हणजे जेमतेम एक पान. त्या पानात बारा बाइटांचा प्रोग्रॅम ठेवायचा: दोन आकडे मिळव, बेरजेचा अंक सिरियल पोर्टवर लिही, ओळ बदल, थांब. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, डिस्क नाही. हा संगणक जागा होतो, ४ लिहितो आणि कायमचा थांबतो. पण खऱ्या अर्थाने तो संगणकच असतो. त्याच्यापुरता प्रोसेसर त्याचा, मेमरी त्याची, आणि आपल्याला कुणीतरी चालवतंय याची त्याला गंधवार्ता नसते.

हा प्रकार मी पाहिला औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) शहागंजात, घंटाघरामागच्या गल्लीत, भाच्याच्या भाड्याच्या खोलीवर. भाचा अभियांत्रिकीला, लॅपटॉप सेकंडहँड. पहिल्या झटक्यातच लिनक्सने सांगितलं, ‘/डेव्ह/केव्हीएम’ नावाची फाइलच इथे नाही. “मामा, व्हीटी बंद असणार,” भाचा म्हणाला आणि त्याने लॅपटॉप विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला. त्याला या सगळ्यात काही नवल वाटलं नाही. “बायोस में जाके चालू करो ना मियाँ, उसमें क्या है? गेमवाले पोट्टे रोज करते.” मोबाइलवरचे गेम कंप्युटरवर खेळायचे तर एम्युलेटर लागतो आणि एम्युलेटर पळायला व्हीटी लागतं. संगणकशास्त्रातला कित्येक वर्षं रखडलेला एक प्रश्न ज्या बटणाने सुटला, ते बटण आपल्या बाजारात गेमच्या नावाने ओळखलं जातं. माझी तक्रार नाही. ओळखलं जातं हेच पुष्कळ.

बटण चालू केलं, फाइल उगवली. फाइल म्हणायचं ते नावालाच, तो कर्नलचा दरवाजा आहे. तो उघडून कर्नलला सांगायचं: मला एक मशीन दे. मग त्या मशीनला एक आभासी प्रोसेसर दे. माझ्या प्रोग्रॅमच्या मेमरीतलं हे पान त्याची रॅम समज. शेवटी एकच हुकूम: चालव. हे सगळं सी भाषेत लिहिलं तर शे-दोनशे ओळींत आटोपतं. भाच्याने एंटर दाबलं, ४ उमटला. त्यात पाहण्यासारखं काहीच नसतं, म्हणून मी त्याला प्रत्येक टप्प्यावर एक ओळ छापायला लावली. तेव्हा कळलं की ते बारा बाइट चालताना खरा प्रोसेसर तीनदा आमच्याकडे परत आला होता. अंक लिहायला पाहुण्याने, म्हणजे आतल्या आभासी संगणकाने, पोर्टला हात लावला, तेव्हा पहिल्यांदा. ओळ बदलताना दुसऱ्यांदा. ‘थांब’ ही आज्ञा आली तेव्हा तिसऱ्यांदा. बेरीज मात्र कुणालाही न विचारता झाली. ती थेट लोखंडावर, पूर्ण वेगाने.

विषयाची मेख इथेच आहे. पाहुण्याला शक्य तितका वेळ मोकळं पळू द्यायचं आणि तो घराच्या वस्तूला हात लावेल तेव्हाच मधे पडायचं. मधे पडणाऱ्या या प्रोग्रॅमला हायपरव्हायजर म्हणतात. कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या केंब्रिज केंद्रात १९६० च्या दशकातच एका मोठ्या यंत्रात अनेक आभासी यंत्रं नांदत होती. १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी त्यामागची अट नेमकी मांडली: यंत्राच्या स्थितीला हात घालणारी प्रत्येक आज्ञा कनिष्ठ पातळीवरून दिली गेली, तर प्रोसेसरने ती अडवून वर कळवलीच पाहिजे. तेवढं झालं की हायपरव्हायजर लिहिता येतो.

आपल्या घराघरांत पोचलेल्या इंटेलच्या प्रोसेसरांनी नेमकी हीच अट मोडली होती. पेंटियममध्ये अशा १७ आज्ञा निघाल्या, असं २००० सालच्या एका अभ्यासाने दाखवलं. त्यांतली ‘पॉपएफ’ फारच नामी. कनिष्ठ पातळीवरच्या प्रोग्रॅमने तिच्यामार्फत ‘इंटरप्ट बंद कर’ असं सांगितलं तर प्रोसेसर नकार देत नाही, वर तक्रारही करत नाही. ऐकलंच नाही असं दाखवून पुढे जातो. सरकारी टेबलावरचा अनुभव असणाऱ्यांना याचा ताप वेगळा समजावून सांगायला नको. पाहुण्याला वाटतं इंटरप्ट बंद झाले, प्रत्यक्षात चालूच, आणि मधल्या हायपरव्हायजरला कशाचा पत्ता नाही.

१९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने यावर उपाय काढला तो चलाखीचा: पाहुण्याचा कर्नल चालू असतानाच वाचायचा, असल्या आज्ञा गाळून त्यांच्या जागी दुसऱ्या बसवायच्या. केंब्रिज विद्यापीठातल्या झेनने २००३ मध्ये दुसरी वाट धरली: पाहुण्याच्या कर्नलमध्येच बदल करून घ्यायचा. दोन्ही कामं अव्वल दर्जाची, पण दोन्ही अवजड. अखेर नोव्हेंबर २००५ मध्ये इंटेलने प्रोसेसरमध्येच पाहुण्यासाठी वेगळी अवस्था दिली, आणि पाठोपाठ २००६ मध्ये एएमडीने. हेच ते गेमवाल्यांचं व्हीटी. आता प्रत्येक आभासी प्रोसेसरमागे फार तर चार किलोबाइटची एक नोंदवही असते: पाहुणा कुठे होता, यजमान कुठे होता, कोणत्या गोष्टी घडल्या तर परत यायचं. आत जायचं आणि बाहेर यायचं, दोन्हींची जबाबदारी प्रोसेसरची.

आता खरी गोष्ट. २००६ च्या ऑक्टोबरात क्युमरानेट नावाच्या इस्रायली कंपनीतल्या अवी किविटी याने लिनक्ससाठी एक छोटा मॉड्यूल पुढे ठेवला आणि त्याला नाव दिलं केव्हीएम. त्याचा विचार असा: अवघड भाग चिपने उचलला. मग उरलं काय? कोणाला किती वेळ प्रोसेसर द्यायचा, मेमरी कशी वाटायची, नेटवर्क कार्ड आणि डिस्क कशा चालवायच्या. हे सगळं लिनक्सचा कर्नल अनेक वर्षं करतोच आहे, तर ते पुन्हा कशाला लिहायचं? म्हणून केव्हीएममध्ये आभासी यंत्र म्हणजे लिनक्सची एक साधी प्रोसेस. आभासी प्रोसेसर म्हणजे एक थ्रेड. पाहुण्याची रॅम म्हणजे त्या प्रोसेसची मेमरी. ‘टॉप’ लिहिलं की यादीत ब्राउझरच्या शेजारी एक अख्खा संगणक दिसतो, आणि ‘किल’ लिहिलं की तो संपतो. झेनने सगळ्याच्या खाली स्वतःचा वेगळा पाया घातला होता. केव्हीएमने लिनक्सलाच पाया केलं.

शहागंजात बसून हे वाचताना मलिक अंबर आठवणं साहजिक. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने डोंगरातलं पाणी नहर-ए-अंबरीने शहरात आणलं. पुढे एखाद्या मोहल्ल्याला हौद हवा झाला तर कुणी नवी नहर खोदायला जात नसे. खुद्द शहागंजात सय्यद हुसेन अलीने दख्खनचा सुभेदार असताना, १७१० च्या दशकात, मोठा हौद बांधला. उन्हाळ्यात पाणी तुटलं की लोकांना त्याचाच आधार, असं खाफी खानाने नोंदवून ठेवलं आहे. किविटीनेही हौदच बांधला.

केव्हीएमचा लिनक्समधला प्रवेश थक्क करणारा होता. ऑक्टोबरात पहिल्यांदा दिसलेला कोड फेब्रुवारी २००७ मध्ये २.६.२० आवृत्तीत अधिकृतपणे दाखल झाला. मोठमोठ्या कंपन्यांचा कोड तिथे वर्षानुवर्षं दाराशी उभा असतो. केव्हीएमला लवकर आत घेतलं, कारण त्याने घरातलं सामान हलवलं नाही. सप्टेंबर २००८ मध्ये रेड हॅटने क्युमरानेट १० कोटी ७० लाख डॉलरना विकत घेतली.

या व्यवहारात एक धागा पुण्याकडे येतो. क्युमरानेटच्या पत्त्यावरून २००८ मध्ये केव्हीएमसाठी कोड पाठवणाऱ्यांत अमित शहा हे नाव आहे (नामसाम्य नावापुरतंच). पुढे रेड हॅटच्या पुणे कार्यालयातून त्यांनी व्हर्टिओच्या (ते काय, हे पुढे येतंच) सिरियल-कन्सोल ड्रायव्हरचं काम सांभाळलं. लिनक्सच्या मेंटेनरांच्या यादीत त्या ड्रायव्हरपुढे त्यांचं नाव लागलं. हे काम कोणत्याही बातमीत येणार नाही अशा जातीचं आहे. पाहुणा संगणक आणि यजमान संगणक यांना आपसांत बोलायला एक बोळ लागतो: ‘तुझा आयपी पत्ता काय’, ‘आता बंद हो’, ‘इथे कॉपी केलेलं तिथे पेस्ट कर’. नेटवर्कवरून बोलावं तर नेटवर्क चालू असेलच याचा भरवसा नाही. २०१० च्या सुमाराला व्हर्टिओ-सिरियलमध्ये एका साधनावर असे अनेक बोळ देण्याची सोय झाली. आज केव्हीएमवरच्या पाहुण्यात बसणारा एजंट बहुधा याच वाटेने यजमानाशी बोलतो. आपल्याकडे संगणकक्षेत्रातलं यश मोजतात ते पॅकेजच्या आकड्याने. कर्नलमधला एखादा ड्रायव्हर वर्षानुवर्षं नीट राखणं हे मला त्याहून मोठं वाटतं.

व्हर्टिओ ही मूळ कल्पना ऑस्ट्रेलियाच्या रस्टी रसेल याची. खरं नेटवर्क कार्ड असल्याचं सोंग आणायचं, तर त्या कार्डाचा प्रत्येक रजिस्टर, प्रत्येक खोड नकलावी लागते आणि दर वेळी पाहुणा बाहेर येतो. त्यापेक्षा पाहुण्याला सरळ सांगावं: बाबा, तू आभासी यंत्रात आहेस, ही सामायिक रांग घे, तीत मजकूर टाक आणि एकदाच हाक मार. सोंग सोडल्यामुळे वेग वाढला. याच रसेलने २००७ मध्ये ‘एल-गेस्ट’ नावाचा हायपरव्हायजर लिनक्समध्ये आणला होता, मोजून काही हजार ओळींचा, चिपच्या मदतीशिवाय चालणारा. त्याच्या कोडमधल्या टिपणांचं एखाद्या खुसखुशीत प्रवासवर्णनासारखं सलग वाचन करता येत असे. कैक जणांनी हायपरव्हायजर म्हणजे काय ते त्यातूनच शिकून घेतलं. २०१७ मध्ये ४.१४ आवृत्तीत तो काढून टाकला. वापरणारं कुणी उरलं नव्हतं, आणि कर्नलमध्ये ‘वाचायला छान आहे’ या कारणावर कोड राहत नाही. राहिला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

लिनक्सच्या शेजारच्या फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमकडे केव्हीएमसारखं काही नव्हतं. तिथे हे काम नेटअ‍ॅप या डेटा साठवणुकीच्या कंपनीतल्या दोघांनी केलं: पीटर ग्रेहान आणि नील नातू. दुसरं नाव वाचताना मराठी डोळा क्षणभर अडखळतोच. २०११ मध्ये कॅनडातल्या बीएसडीकॅन परिषदेत त्यांनी ‘बीहाइव्ह’ मांडला, आणि जानेवारी २०१४ च्या फ्रीबीएसडी १०.० मध्ये तो सर्वांच्या हाती आला. केव्हीएमपेक्षा मला त्याची रचना जास्त आवडते, आणि ती आवडते ती त्यात काय नव्हतं म्हणून. बायोस नव्हतं. ग्राफिक्स कार्ड नव्हतं. १९८० च्या दशकातली जुनी साधनं जवळपास नव्हतीच. पाहुण्याचा कर्नल एक वेगळा छोटा प्रोग्रॅम थेट मेमरीत नेऊन ठेवी, साधनं व्हर्टिओची, बोलणं सिरियल कन्सोलवर. सगळ्यांत धीट निर्णय मेमरीचा होता. पाहुण्याला वाटणारा मेमरीचा पत्ता आणि खरा पत्ता यांची सांगड सॉफ्टवेअरने घालायची तर हजारो किचकट ओळी लागतात. केव्हीएमला सुरुवातीला त्या लिहाव्या लागल्या, कारण त्या वेळच्या चिपमध्ये पर्याय नव्हता. इंटेलने २००८ पासून पत्त्यांचं दुसरं कोष्टक चिपमध्येच दिलं. ग्रेहान-नातू यांनी ठरवलं की ते कोष्टक नसलेल्या प्रोसेसरवर बीहाइव्ह चालणारच नाही. जुने संगणक गेले, पण कोडमधला सगळ्यांत घातक भाग लिहावाच लागला नाही. सुरुवातीला फक्त इंटेल. एएमडीचा आधार नंतर अनिश गुप्ता यांच्या कामातून आला.

असल्या सडपातळ कोडला पाय फुटतात. २०१५ मध्ये बीहाइव्हवरून मॅकसाठी ‘एक्सहाइव्ह’ निघाला, त्यावरून डॉकरने ‘हायपरकिट’ केला, आणि २०१६ पासून मॅकवर डॉकर चालवणाऱ्या हजारो प्रोग्रॅमरांच्या यंत्रात ग्रेहान-नातूंचा कोड त्यांच्या नकळत पळू लागला.

इथे एक गोष्ट खडसावून विचारायला हवी. हायपरव्हायजर ‘हलका’ आहे असं म्हणतात, तेव्हा वजन गेलं कुठे? ते नाहीसं होत नाही, दुसऱ्याच्या खांद्यावर जातं. केव्हीएमने वेळेची आणि मेमरीची वाटणी कर्नलवर टाकली, अवघड आज्ञा चिपवर टाकल्या, आणि साधनांची सोंगं क्यूईएमयू या फाब्रिस बेलारच्या प्रोग्रॅमवर टाकली. हलकेपणा उसना आहे आणि उसनवारीचा तगादा कधी ना कधी लागतोच.

पहिला तगादा आला मे २०१५ मध्ये, आणि तो फ्लॉपीच्या नावाने आला. शहागंजाच्या बाजारात सुईपासून सुरमा-अत्तरापर्यंत काय वाटेल ते मिळतं, पण फ्लॉपी मागितली तर दुकानदार हसेल. तरीही २०१५ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांत नव्याने जन्मणाऱ्या असंख्य आभासी यंत्रांत फ्लॉपी ड्राइव्ह होता! क्यूईएमयूच्या फ्लॉपी कंट्रोलरमध्ये २००४ पासून एक चूक दडून बसली होती. ठरावीक आज्ञा देत राहिलं की त्याची ५१२ बाइटची जागा भरून डेटा पलीकडे सांडे, आणि पाहुण्याला त्यातून यजमानाच्या घरात शिरायची वाट मिळे. या चुकीला ‘व्हेनम’ असं नाव पडलं. फ्लॉपी ड्राइव्ह नको असं सांगितलं, तरी दुसऱ्या एका चुकीमुळे कंट्रोलर मागे जिवंतच राहत असे. बीहाइव्हला याची झळ लागली नाही. त्याच्याकडे फ्लॉपी कधी नव्हतीच.

अ‍ॅमेझॉनने यातून धडा घेतला असावा. त्यांचा २०१८ मधला ‘फायरक्रॅकर’ केव्हीएम तसंच ठेवतो आणि क्यूईएमयू बाजूला काढतो. क्यूईएमयू चौदा लाख ओळींच्या पुढे गेलेला. फायरक्रॅकर रस्ट भाषेत, पन्नास हजारांच्या आसपास. साधनं सुरुवातीच्या काळात पाचच होती: नेटवर्क, डिस्क, यजमानाशी बोलायचं सॉकेट, सिरियल कन्सोल आणि एक कीबोर्ड कंट्रोलर. या कीबोर्ड कंट्रोलरचं काम एकच, यंत्र बंद करायला सांगणं. एका यंत्रामागे जादा मेमरी पाच मेगाबाइटहून कमी, आणि यंत्र उभं राहायला सव्वाशे मिलिसेकंद. पापणी लवायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. तेवढ्यात एका ग्राहकासाठी कर्नलसकट स्वतंत्र संगणक उभा राहतो, त्याचं काम होतं आणि तो मोडून टाकला जातो.

दुसरा तगादा चिपचा. ऑगस्ट २०१८ मध्ये ‘फोरशॅडो’ उघड झाला. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये पहिल्या पातळीच्या कॅशेत दुसऱ्याचा जो डेटा शिल्लक असेल, तो पाहुण्याला आडमार्गाने वाचता येत होता. पत्त्यांचं जे कोष्टक चिपवर टाकून सगळे निर्धास्त झाले होते, त्याची तपासणी पूर्ण व्हायच्या आधीच प्रोसेसर अंदाजाने पुढे धावत असे. मग केव्हीएममध्ये नवा कोड शिरला: पाहुण्याला आत सोडण्याआधी कॅशे धुऊन टाक. एकाच गाभ्यावर दोन धागे चालवायची सोय बंद करायला कित्येकांनी सुरुवात केली. उधारीवर घेतलेला वेग असा हप्त्याहप्त्याने परत गेला.

तिसरा तगादा सगळ्यांत रंजक, कारण तो कर्नलचाच आहे. हायपरव्हायजर कर्नलच्या आत राहणार असेल, तर कर्नल फोडला की सगळे पाहुणे उघडे पडतात. लिनक्सच्या कोट्यवधी ओळींत एक भोक पुरेसं आहे. सर्व्हरवर हे चालून जातं, कारण तो नामांकित कंपनीच्या कुलपात असतो. फोनचं काय? फोनमध्ये आपण वाटेल ती अ‍ॅप भरतो, आणि त्याच फोनमध्ये बँकेच्या किल्ल्या, बोटांचे ठसे.

गूगलने विल डिकन आणि सहकाऱ्यांकरवी यावर जे केलं त्याला ‘संरक्षित केव्हीएम’ म्हणतात; २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून ते येऊ लागलं. फोनच्या एआरएम प्रोसेसरमध्ये हायपरव्हायजरसाठी कर्नलहून वरची एक पातळी असते. फोन सुरू होताना लिनक्स त्या पातळीवर उठतो, तिथे एक छोटासा कोड ठेवतो आणि स्वतः एक पायरी खाली उतरतो. उतरल्यावर परत वर जायची मुभा नाही. आता पत्त्यांचं दुसरं कोष्टक पाहुण्यालाच नाही, यजमान कर्नललाही लागू असतं आणि ते त्या छोट्या कोडच्या ताब्यात असतं. एखादं पान संरक्षित पाहुण्याला दिलं की यजमानाच्या कोष्टकातून ते पुसलं जातं. लिनक्सने ते वाचायचा प्रयत्न केला तर त्याला नकार मिळतो. किविटीने २००६ मध्ये ज्या कर्नलवर सगळी भिस्त ठेवली, त्याच कर्नलवर त्याच्याच केव्हीएमने पाळत ठेवायची, असा हा उलटा फेर. मार्च २०२५ पासून पिक्सेल फोनांवर टर्मिनल नावाची अ‍ॅप मिळते. ती उघडली की अँड्रॉइडच्या शेजारी आभासी यंत्रात डेबियन लिनक्स सुरू होतं.

भाच्याला आता त्याच्या बारा बाइटांच्या पाहुण्याला बत्तीस-बिट अवस्थेत न्यायचं आहे. मला त्या संरक्षित कोष्टकाचंच कुतूहल जास्त आहे. वाटणीचा तपशील असा: कर्नलला पाहुण्याची मेमरी वाचता येत नाही, बदलता येत नाही, पण पाहुण्याला प्रोसेसर कधी आणि किती वेळ मिळणार हे ठरवणारा शेड्युलर कर्नलमध्येच राहिला आहे. घरमालकाला पाहुण्याची पेटी उघडता येणार नाही. त्याला उपाशी मात्र ठेवता येईल, आणि त्याविरुद्ध संरक्षित केव्हीएम काही करू पाहत नाही.